'कंदिसा' : एका अल्बमची गोष्ट, व्हाया सातपुडा

बोदवडमध्ये 'रॉक' हा शब्द उच्चारला तर समोरचा माणूस आधी खडी-क्रशरबद्दल बोलायला लागेल, ही शक्यता जास्त. :-) मूळ बोदवडकराने इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडच्या अल्बमवर एवढा लांबलचक लेख का लिहावा, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. २००० साली आलेल्या 'कंदिसा' या अल्बममधलं एक गाणं नर्मदेचं आहे. आणि नर्मदा ही खानदेशची, म्हणजे जुन्या धुळे जिल्ह्याची आणि आताच्या नंदुरबारची उत्तरेची सीमा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला ही नदी फक्त चोपन्न किलोमीटर येते. पण त्या चोपन्न किलोमीटरमध्ये जे घडलं, त्याचा त्या गाण्याशी थेट संबंध आहे. ते गाणं हेडफोनवर ऐकणाऱ्या बहुतेकांना (त्यात आपली आयटीवाली पब्लिक आलीच) हा संबंध ठाऊक नसतो. म्हणून हा खटाटोप.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे रॉक म्हणजे इंग्रजी, हे समीकरण बरीच वर्षं पक्कं होतं. मुंबईत १९८४ मध्ये 'रॉक मशीन' सुरू झाला. महेश तिनईकर, उदय बेनेगल वगैरे मंडळी त्यात होती. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, तोही आधी दुसऱ्यांची गाणी वाजवून वाजवून हात बसल्यावर. कॉलेजचं पब्लिक तेव्हा स्वतःची गाणी ऐकायला तयारच नसायचं. त्यांना डीप पर्पल हवं असायचं, आणि तेही रेकॉर्डसारखं हुबेहूब! पुढे १९९३ च्या सुमारास हाच बँड 'इंडस क्रीड' झाला. नावात सिंधू आली, पण गाणी इंग्रजीच राहिली. यात कमीपणा काही नाही, त्यांनी वाट पाडली म्हणून पुढचे चालले. पण भुसावळ-जळगावच्या पोराला ते सगळं दुसऱ्या ग्रहावरचं वाटायचं, हेही खरं.

त्याच काळात टीव्हीवर इंडिपॉपची लाट आली. १९९५ ला अलिशा चिनॉय, १९९६ ला लकी अली, १९९८ ला युफोरिया आणि सिल्क रूट. गाणी हिंदी झाली, चार मिनिटांची झाली, आणि सोबत एक व्हिडिओ असणं सक्तीचं झालं. 'कंदिसा' आला तो या लाटेच्या शेपटीला. आणि या लाटेचे जवळपास सगळे नियम त्याने मोडले.

इंडियन ओशन हा १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड. सुरुवात दोघांची: गिटारवर सुश्मित सेन, आणि तबला व गाणं सांभाळणारा असीम चक्रवर्ती. १९९१ मध्ये बेस गिटार घेऊन राहुल राम आला. १९९३ मध्ये पहिला अल्बम, १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम. ही चौकडी पुढची पंधरा वर्षं टिकली. आपल्याकडच्या बँडचं सरासरी आयुष्य पाहता हा जवळपास विक्रमच म्हणायचा.

यांची गाणी बनवायची रीत मजेशीर होती. कवीने शब्द द्यायचे, संगीतकाराने चाल लावायची, अरेंजरने वाद्यं भरायची, अशी असेंब्ली लाइन इथे नव्हती. चौघं बसायचे आणि वाजवत राहायचे. दिल्लीतल्या करोलबागेत, खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात त्यांचा सराव चालायचा (पुढे २०१० च्या अल्बमला त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला!). सुश्मितला गिटारवर एखादा तुकडा सापडायचा, मग असीम त्याला ठेका द्यायचा, मग बेसची रेघ यायची. कित्येक गाणी रेकॉर्ड होण्याआधी स्टेजवर वाजून वाजून घासली गेली. १९९७ चा 'डेझर्ट रेन' तर सरळ लाइव्ह रेकॉर्डिंगच होता. सफदर हाशमींच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था दर १ जानेवारीला दिल्लीत कार्यक्रम करायची, तिथला. आपल्या भाषेत सांगायचं तर यांचं टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर चालायचं. फरक इतकाच, की इथे बग सापडला तरी समोरचे टाळ्या वाजवायचे.

तर 'कंदिसा'. टाइम्स म्यूझिकने काढलेला हा अल्बम. एकूण सात गाणी, त्यातली बरीचशी सहा-सात मिनिटांच्या पुढची. रेडिओला न परवडणारी. शब्द कमी, वाजवणं जास्त. आणि भाषांची तर खिचडीच! शीर्षकगीत हे केरळच्या सीरियन ख्रिश्चन परंपरेतली प्रार्थना आहे, सिरियाक भाषेतली. सिरियाक ही अरामाईकचीच एक शाखा, आणि अरामाईक म्हणजे येशू जी बोलत असे असं मानतात ती भाषा. 'कंदिसा' म्हणजे पवित्र. दुसरं एक गाणं, 'हिल्ले ले', गोरख पांडे यांच्या शब्दांवरचं. हे डाव्या चळवळीतले कवी, १९८९ मध्ये गेले. त्यांचे शब्द मोर्च्यांत म्हटले जायचे. आणि तिसरं 'माँ रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा.

एक चर्चमधलं, एक मोर्च्यातलं, एक घाटावरचं. नीट पाहिलं तर तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ही तिन्ही गाणी स्टुडिओत जन्मलेली नाहीत. माणसं जिथे एकत्र जमून एका सुरात काहीतरी मागतात, तिथून ती आली आहेत. बँडने त्यांना बेस, ड्रम्स आणि गिटार दिले. त्यांचा सामुदायिक आवाज मात्र तसाच राहू दिला. मला वाटतं या अल्बमची ताकद इथे आहे. एखादी व्यक्ती आपलं दुःख सांगते आहे असं ही गाणी ऐकताना वाटत नाही, बरेच लोक मिळून गात आहेत असं वाटतं.

आता 'माँ रेवा'कडे. राहुल राम हा गडी मूळचा रसायनशास्त्राचा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून परत आला. असा माणूस सहसा प्रयोगशाळेत तरी जातो, नाहीतर बोस्टनला तरी. हा गेला नर्मदा बचाओ आंदोलनात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं तो खोऱ्यात कार्यकर्ता होता. म्हणजे एकीकडे दिल्लीत बँड आणि दुसरीकडे नर्मदाकाठी सभा, पदयात्रा, धरणी. 'माँ रेवा' त्याला मिळालं ते या वाटेवर, लोकांच्या तोंडून.

इथे जरा भूगोल. बोदवडपासून धडगाव दोनशेहून जास्त किलोमीटर. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाला, त्यांचे पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. पण आमच्याकडच्या माणसाला अक्कलकुवा, धडगाव म्हणजे 'तिकडे, वरती, सातपुड्यात'. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात तीन राज्यांची मिळून २४५ गावं येतात. त्यात महाराष्ट्राची ३३, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यातली, भिल्ल-पावरा आदिवासींची. त्यातलं सगळ्यात आधी पाण्याखाली जायला लागलेलं गाव म्हणजे मणिबेली. १९९३ च्या पावसाळ्यापर्यंत मणिबेली हे नाव दिल्ली-वॉशिंग्टनपर्यंत पोचलं होतं. जागतिक बँकेने १९८५ मध्ये या धरणाला कर्ज दिलं, १९९२ मध्ये मोर्स समितीने त्यावर ताशेरे ओढले, आणि १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घ्यायचं थांबवलं. मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत म्हणून १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी जे निवेदन काढलं, त्याचं नावच 'मणिबेली जाहीरनामा'. खानदेशातल्या किती गावांच्या नावाने आंतरराष्ट्रीय जाहीरनामे आहेत? मला हे एकच माहीत आहे. आणि आम्हाला शाळेत खानदेशचा भूगोल शिकवताना केळी, कापूस आणि तापी यांपुढे कुणी गेलं नाही!

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. 'माँ रेवा' हे काही मणिबेलीच्या भिल्लांचं गाणं नव्हे. ते नर्मदेला आई मानणाऱ्या, तिची परिक्रमा करणाऱ्या भक्तिपरंपरेतलं, निमाडकडच्या भजनाच्या वळणाचं. निमाड म्हणजे आमच्या रावेर-बऱ्हाणपूरच्या पलीकडचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. तिथले पाटीदार शेतकरी आणि डोंगरातले आदिवासी, एरवी फारसे एका पंगतीला न बसणारे, या आंदोलनात एकत्र आले. भाषा वेगळ्या, देव वेगळे, धरणाने जाणारी जमीन वेगळी. समान होती ती नदी. अशा ठिकाणी भाषणापेक्षा भजन जास्त कामाला येतं, कारण धृपद कुणालाही पकडता येतं. राहुल रामने ते दिल्लीला नेलं तेव्हा त्यात ही सगळी सरमिसळ आधीच झालेली होती.

बँडने त्याचं काय केलं? भजनाचा सांगाडा ठेवला: एक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. खाली बेसची चाल अशी ठेवली, की नदीत नावेला बसावेत तसे हेलकावे बसतात. अमित ड्रम्सशिवाय गाबगुबी वाजवतो. गाबगुबी म्हणजे बाउल लोकांचं एका तारेचं, काखेत धरून वाजवायचं वाद्य. सुश्मितची गिटार कुठेच पाश्चात्त्य कॉर्ड ठोकत बसत नाही, सतारीसारखी एकेक सूर खेचत जाते. आणि गाणं वेग घेतं ते हळूहळू. पहिल्यांदा ऐकताना कळतही नाही की आपण कधीपासून पाय हलवतोय. दुःखाचा सूर कुठेच लावलेला नाही, हे सगळ्यात विशेष. नदीचं कौतुक आहे, जल्लोष आहे. जे बुडतंय त्याबद्दल एक शब्द नाही.

आणि आता साल बघा. २०००. १९९५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने धरणाचं काम ८० मीटरच्या आसपास थांबलेलं होतं, फेब्रुवारी १९९९ मध्ये थोडी उंची वाढवायला परवानगी मिळाली. १८ ऑक्टोबर २००० ला अंतिम निकाल आला. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने ९० मीटरपर्यंत बांधकामाला आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने मंजुरी घेत जायला मुभा दिली. ज्या वर्षी नर्मदेचं भजन देशभरच्या कॅसेट प्लेअरवर वाजायला लागलं, त्याच वर्षी आंदोलन कोर्टात हरलं.

अल्बमचं स्वागत कसं झालं? विनाव्हिडिओ, विना हीरो, आठ मिनिटांची सिरियाक प्रार्थना... कागदावर हे प्रॉडक्ट आपटायलाच हवं होतं. झालं उलटंच. बँडला देशभर नाव मिळालं ते 'कंदिसा'ने. कॉलेजच्या फेस्टिव्हलांत त्यांना बोलावणी यायला लागली, आणि समोरची पोरं अर्थ न कळणारी सिरियाक कडवी तोंडपाठ म्हणायला लागली. जे पब्लिक दहा वर्षांपूर्वी देशी बँडकडून फक्त डीप पर्पल मागत होतं, ते आता यांच्याकडे यांचीच गाणी मागत होतं. माझ्या मते भारतीय रॉकमध्ये या अल्बमने केलेला सर्वांत मोठा बदल हाच.

दुसरा प्रसार झाला तो होस्टेलांतून. एमपीथ्रीचा जमाना सुरू झाला होता. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत लॅनवर 'कंदिसा'चा फोल्डर एका मशीनवरून दुसऱ्यावर जायचा. फुकट, अर्थातच. त्यात बँडला एक पैसा मिळाला नाही, पण श्रोते मिळाले, आणि तेच श्रोते पुढे नोकरीला लागल्यावर तिकिटं काढून कार्यक्रमांना गेले. बँडने हे गणित ओळखलं असावं, कारण २०१० मध्ये '१६/३३० खजूर रोड'ची गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी आपणहून फुकट डाऊनलोडला ठेवली.

पण या प्रसारात एक गोष्ट गळून पडली. फाइलच्या नावात गाणं असतं, बँड असतो. गाणं कुठून आलं, हे नसतं. कॅसेटच्या आतल्या कागदावर निदान चार ओळी तरी असायच्या. एमपीथ्रीने कागदच काढून टाकला. सोर्स कोडमधून कॉमेंट आणि लेखकाचं नाव पुसून नुसती बायनरी फिरवावी तसं झालं. प्रोग्राम चालतो झकास, पण कुणी, कशासाठी लिहिला ते कळायला मार्ग नाही.

लोकगीताच्या बाबतीत लेखक मुळातच नसतो, असं आपण धरून चालतो. 'पारंपरिक' असा शिक्का मारला की काम झालं. पण पारंपरिक म्हणजे काय, तर ज्याचं नाव लिहून ठेवायला कुणी नव्हतं ते. आमच्याकडचं उदाहरण घ्या. असोद्याच्या माहेरच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. दळता-कांडताना त्या रचत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने ते वेळोवेळी उतरवून घेतलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी नसते, ती वही ठेवली गेली नसती, तर त्याच ओळी आज 'खानदेशी पारंपरिक ओव्या' म्हणून कुठल्यातरी फ्यूजन अल्बममध्ये वाजल्या असत्या. 'माँ रेवा'ची बहिणाबाई कोण होती, ते कळायला आता मार्ग नाही. निदान गाव तरी लक्षात ठेवावं, इतकंच.

आता दुसरी बाजू, कारण बोदवडच्या माणसाने धरणांवर एकतर्फी बोलणं शोभत नाही. उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी आलं, हा आमच्याकडचा गप्पांचा कायमचा विषय. तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यावर दीपनगरचं वीज केंद्र चालतं, आणि हतनूरच्या वेळीही नदीकाठची गावं हललीच. कच्छ-सौराष्ट्रातल्या बाईला नर्मदेचं पाणी दारात आलं, तर तिने आनंदू नये असं कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. शिवाय लवादाच्या निवाड्यानुसार सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. म्हणजे ते गाणं ज्या कॉम्प्युटरवर वाजतं, त्याच्या प्लगमध्ये मणिबेलीचा काही अंश असतोच. प्रश्न धरण हवं की नको इतका सरळ नाही. ज्यांचं गेलं त्यांना वेळेवर, सांगितलेलं सगळं मिळालं का, हा आहे. आणि त्याचं उत्तर त्या ३३ गावांतले लोक अनेक वर्षं मोर्चे काढून देत होते.

पुढचं थोडक्यात. २००३ मध्ये कबीराचे शब्द घेऊन 'झीनी' आला. मग 'ब्लॅक फ्रायडे'चं संगीत. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा हा सिनेमा कोर्टात अडकून २००७ मध्ये लागला, पण त्यातलं 'बंदे' आधीच घरोघरी पोचलं होतं. २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. पुढच्याच वर्षी जयदीप वर्मा यांची या बँडवरची डॉक्युमेंटरी चक्क थिएटरात लागली, 'कंदिसा'मधल्याच एका गाण्याच्या नावाने: 'लीव्हिंग होम'. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला. २०१४ च्या 'तंदानू'मध्ये 'चीतू' नावाचं गाणं आहे, अलिराजपूरकडच्या एका भिल्ल वीरावरचं. म्हणजे नर्मदेचं खोरं राहुल रामला वीस वर्षांनीही सुटलं नव्हतं. २०२३ मध्ये त्यांचा 'तू है' आला. बँड चालू आहे.

धरणही पूर्ण झालं. जून २०१४ मध्ये दरवाजे बसवायला मंजुरी मिळाली, आणि १७ सप्टेंबर २०१७ ला १३८.६८ मीटर उंचीच्या धरणाचं लोकार्पण झालं.

गाणं हरलं का मग? तसं म्हणता येत नाही, कारण धरण अडवणं हे त्या गाण्याचं काम कधी नव्हतंच. त्यात वाहत्या नदीचं वर्णन आहे. मणिबेलीपाशी आता जे पाणी दिसतं ते जलाशयाचं, उभं असलेलं. तिथे ज्यांनी लहानपणी नदी वाहताना पाहिली, ती पिढी आता म्हातारी होते आहे. त्यांच्यानंतर तो प्रवाह कसा होता याची जी काही थोडी नोंद उरेल, त्यात या सहा-साडेसहा मिनिटांचाही समावेश असेल.

पुढच्या वेळी प्लेलिस्टमध्ये 'माँ रेवा' लागलं, तर नकाशावर एकदा मणिबेली शोधून बघा. गुजरातच्या हद्दीला चिकटून, अक्कलकुवा तालुक्याच्या अगदी टोकाला आहे. निळ्या रंगाच्या काठावर.